मिग-२१ दारात उभं करण्याआधी: आत शिरलेलं पाणी कुठून बाहेर पडणार?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या एका शिक्षणसंस्थेला वायुसेनेतून निवृत्त झालेलं मिग-२१ लढाऊ विमान मिळण्याची शक्यता आहे. प्रवेशद्वाराशी सिमेंटच्या चौथऱ्यावर ते नाक वर करून, आकाशात झेपावल्यासारखं उभं करायचं आणि दर दोन वर्षांनी रंग द्यायचा असा बेत आहे. एवढं पुरेल का? मुलांना कॉकपिटमध्ये बसू द्यावं का? आणि कधीतरी इंजिन सुरू करून दाखवता येईल का?

नौदलाच्या विमान शाखेत मी एअरफ्रेमचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा, तंत्रज्ञ म्हणून २२ वर्षं काढली, त्यातली बरीचशी गोव्यात दाबोळीला. निवृत्तीनंतर प्रदर्शनात ठेवलेल्या विमानांची डागडुजी करत आलो. त्या अनुभवावरून आधी स्पष्ट सांगतो: दर दोन वर्षांचा रंग या विमानाला वाचवणार नाही, आणि नाक वर करायचा बेत तर सोडूनच द्या. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे तुमच्या कार्यकारिणीला पटवून देता येईल.

विमानाच्या पोटाला आणि पंखांखाली छोटी छोटी भोकं असतात. आम्ही त्यांना ड्रेन होल म्हणतो. आत शिरलेलं पावसाचं पाणी, दव, गळलेलं तेल, इंधनाचे थेंब, सगळं त्यांतून खाली जावं म्हणून ती ठेवलेली असतात. ती नेमकी कुठे हवीत हे डिझायनरने विमान आपल्या तीन चाकांवर उभं आहे असं धरून ठरवलेलं असतं. तुम्ही नाक वीस अंश वर उचललं की आतला सगळा उतार बदलतो. पाणी मागे वाहतं, एखाद्या फ्रेमला, म्हणजे सांगाड्याच्या बरगडीला, अडतं, आणि त्या नव्या खोलगट जागी भोक नसतं. मिग-२१ची हवा नाकातूनच आत जाते. मधल्या शंकूभोवतीच्या गोल फटीतून कोकणातला आडवा पाऊस थेट आत शिरणार आणि मागे धावणार.

एका गावातलं विमान मी असंच पाहिलं आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांची विमानावर माया होती. स्वातंत्र्यदिनाच्या आधी रंग दिलेला, बाहेरून इतकं देखणं की माणसं थांबून फोटो काढत. पोटाखालचं एक पॅनल उघडलं तर बादलीभर काळं पाणी, सडलेली पानं आणि मेलेली पाखरं खाली आली. आतली फ्रेम बोटाने दाबली तर चिरोट्याचे पदर सुटावेत तशी सुटली. बाहेरचा पत्रा शाबूत, रंग चकचकीत, आणि ज्यावर तो पत्रा उभा होता ते हाडच गेलेलं. ते विमान पुढे उतरवून तुकड्यांत न्यावं लागलं. त्या दिवशीचा वास माझ्या अजून लक्षात आहे.

हे पदर का सुटतात? विमानाचा सांगाडा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. शुद्ध ॲल्युमिनियम गंजत नाही म्हटलं तरी चालेल, पण ते फार मऊ. म्हणून त्यात तांबं, जस्त, मॅग्नेशियम मिसळतात. मिगमध्ये वापरलेल्या डी-१६ या सोव्हिएत मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबं असतं. पाश्चात्त्य विमानांतला ‘२०२४’ क्रमांकाचा मिश्रधातू हा त्याचा सख्खा भाऊ. तांब्याने ताकद येते, पण ओल आणि मीठ मिळालं की तांब्याचा कण आणि शेजारचं ॲल्युमिनियम यांची चिमुकली बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. पत्रा लाटताना धातूचे कण लांबट होतात, त्यामुळे गंज त्यांच्या मधल्या थरांतून आडवा पसरतो आणि पापुद्रे फुगतात. वरून रिव्हेटच्या, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळीत पत्रा किंचित उचललेला दिसला, किंवा रंगावर बारीक फोड आले, तर आत हे चालू आहे असं समजा.

यावर उपाय म्हणून कारखान्यातच पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. म्हणूनच बफिंग मशीन, तारेचा ब्रश आणि दगडी पॉलिश यांना विमानाजवळ येऊ देऊ नका. चकाकी आणायच्या नादात तोच थर घासून निघतो, आणि तो परत चढवता येत नाही.

मीठ हा कोकणातला खरा वैरी. विमान समुद्रावरून उडून आलं की त्याला गोड्या पाण्याने धुवायचं, ही नौदलातली आमची रोजची पूजा होती. सी हॅरिअर हे लढाऊ जेट असो की चेतक हेलिकॉप्टर, आधी अंघोळ, मग बाकीचं काम. १९८३ साली गोव्यात आलेली आणि २०१६ साली निवृत्त झालेली सी हॅरिअर्स विमानवाहू जहाजावरच्या खाऱ्या हवेत इतकी वर्षं टिकली, त्यात या धुण्याचा वाटा मोठा. निवृत्त झालेल्या विमानाला ही अंघोळ कोण घालणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. समुद्रापासून पाच-सहा किलोमीटर आत असलात तरी वाऱ्याबरोबर मीठ येतंच. एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते: पावसाने धुतला जाणारा वरचा भाग कमी बिघडतो, पंखाखालचा, चाकांच्या खोबणीतला, शेपटीखालचा भाग जास्त बिघडतो. तिथे मीठ बसतं, पण पाऊस ते धुऊन नेत नाही. तेव्हा पाइप वरून नव्हे, खालून मारायचा.

धातूत शिरलेलं मीठ किती चिवट असतं याचं एक उदाहरण सांगतो. १९४० साली इंग्लंडजवळच्या समुद्रात पडलेलं डॉर्निअर १७ हे जर्मन बाँबफेकी विमान २०१३ साली वर काढलं. ते जेट नव्हे, पण धातू त्याच कुळातला. ते हवेत उघडं ठेवलं असतं तर मिठाने पाहता पाहता खाल्लं असतं. म्हणून कॉसफर्डच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये प्लॅस्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यावर महिनोन्महिने सायट्रिक ॲसिडचं, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं, सौम्य द्रावण फवारत राहिले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने ती पद्धत बसवून दिली होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून वर्षातून चार धुणी पुरतील. शेवटचं दिवाळीआधी, कारण पाऊस सरताना जे मीठ बसलेलं असतं ते धुतलं नाही तर पुढचे आठ महिने तिथेच राहतं.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात डेव्हिस-मॉन्थन तळावर हजारो निवृत्त विमानं उघड्यावर उभी असतात, त्यांचे फोटो पाहून लोक म्हणतात, मग आपल्याला छप्पर कशाला? तिथे वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा कोरडी, जमीन इतकी कडक की विमानं तशीच मातीवर उभी करता येतात. तरीही ते लोक काच आणि फटी सोलून काढता येणाऱ्या पांढऱ्या लेपाने झाकतात. आपल्याकडे किनाऱ्याला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत.

तेव्हा पैसे असतील तर चौथऱ्यावर घालू नका, छपरावर घाला. बंद काँक्रीटचा हॉल मी सुचवणार नाही. त्यात आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवणारी यंत्रं बारा महिने चालवायची ऐपत असेल तरच तो कामाचा. नाहीतर पावसाळ्यात भिंती पाझरतात, हवा कोंडते, आणि आत बुरशीचं राज्य. त्यापेक्षा उंच पत्र्याची शेड, चारही बाजू मोकळ्या, पागोळ्या विमानापासून निदान दोन मीटर लांब पडतील इतकं पुढे आलेलं छप्पर. वारा खेळला पाहिजे. आपल्या जुन्या पडव्या आणि होड्यांचे मांडव याच हिशेबाने बांधलेले असत.

आणि ताडपत्री नको, कृपा करून नको. आगोटीला घर शाकारावं तसं लोक विमानाला निळ्या ताडपत्रीत गुंडाळतात. आतली वाफ बाहेर जात नाही, पत्र्याला रात्रंदिवस घाम सुटतो, वाऱ्याने ताडपत्री घासून रंग जातो, काच खराब होते. झाकायचंच असेल तर फक्त कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, तेही श्वास घेणाऱ्या पांढऱ्या सुती जाड कापडाने, खाली मऊ अस्तर लावून.

कॅनोपीची काच म्हणजे ॲक्रिलिक. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेलं काच पुसायचं औषध, यांतलं काहीही लागलं की तिच्यात केसासारख्या चिरा पडतात. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग सौम्य साबण आणि जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा. कोरड्या फडक्याने पुसणाऱ्याचा हात धरा.

आता चाकांवर उभं करण्याबद्दल. चाकांवर म्हणजे टायरवर नाही. विमान जॅक लावायच्या ठरलेल्या जागांवर स्टँड देऊन उचलून धरायचं, टायर जमिनीला जेमतेम टेकलेले दिसतील इतकंच. टायरमधला आणि ओलिओमधला, म्हणजे चाकाच्या शॉक ॲब्सॉर्बरमधला, दाब जाणकाराकडून आधी काढून घ्या. जेटच्या टायरचा दाब ट्रकच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि जुना टायर फुटला तर जीव जातो. चाकांचे हब बऱ्याच विमानांत मॅग्नेशियमचे असतात, त्यांना ओल अजिबात सोसत नाही. स्टँडचं लोखंड आणि विमानाचं ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉन किंवा रबराची जाड चकती हवी. ओल्या सिमेंटला तर ॲल्युमिनियम नुसतं टेकू देऊ नका, सिमेंटचा क्षार ते खातो.

इंजिन काढलेलं विमान मिळालं तर टनभर वजन मागून कमी झालेलं असतं, तोल बदललेला असतो. कुठे किती वजन भरायचं हे विमान देणाऱ्या तुकडीकडूनच लिहून घ्या. जमिनीत काँक्रीटमध्ये कड्या पुरून विमान बांधून ठेवा. २०२०चं निसर्ग आणि २०२१चं तौक्ते आपण दोघांनीही पाहिलं आहे. पंख हा पंखच असतो, वारा मिळाला की तो उचलणारच.

पाखरं आणि किडे यांच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, मी करत नाही. साळुंकी चाकाच्या खोबणीत घरटं करते, कबुतरं शेपटीत, आणि त्यांची विष्ठा ओली झाली की पत्रा खाते. आग्या मोहोळ पंखाखाली लागलं तर मुलांना धोका. सगळ्यात वाईट कुंभारमाशी. तिला ड्रेन होलइतकंच भोक आवडतं. मातीने ती ते असं बुजवते की रंगवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नाकाची फट आणि मागचा नळकांडा बंद करा, पण घट्ट नव्हे. आत बारीक जाळी बसवलेली लाकडी झाकणं लावा म्हणजे हवा जात-येत राहील. प्रत्येक ड्रेन होल मृगाआधी नायलॉनच्या काडीने मोकळं करायचं. तारेने नको, ओरखडा पडतो.

रंगाचं आता सांगतो, कारण तुमच्या यादीत तो पहिला होता आणि माझ्या यादीत शेवटून दुसरा आहे. आधी जुना रंग काढायची घाई करू नका. त्याखाली जे हिरवट-पिवळं प्रायमर असतं त्यात बहुधा क्रोमेट असतं, त्याची कोरडी धूळ छातीत गेली तर कर्करोगाचा धोका. घासायचंच तर ओलं घासा, नीट मास्क लावून, आणि मुलांना त्या दिवशी लांब ठेवा. घराच्या दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट थेट पत्र्यावर धरत नाही. दोन पावसाळ्यांत पोपडे येतात आणि पोपड्याखाली पाणी राहतं. ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन, एवढं एकदा नीट केलं तर छपराखाली दहा-बारा वर्षं पाहायला नको. गंजलेल्या भोकात लांबी भरून वरून रंग मारणं म्हणजे दुखण्यावर पट्टी बांधून आत पू ठेवणं.

पण रंगाची दुसरी बाजू माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे. विमानावरचा रंग हा त्याचा दप्तरखाना असतो. मिग-२१ १९६३ साली आपल्याकडे आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडहून त्याने शेवटचा निरोप घेतला. या ६२ वर्षांत एकेका विमानाने तीन-चार स्क्वाड्रन पाहिल्या असतील, छटा बदलल्या असतील. बारीक कागदाने एका कोपऱ्यात गोल घासत गेलात तर झाडाच्या वर्तुळांसारखे थर दिसतात. ते मोजा, फोटो काढा, छटा नोंदवा. अनुक्रमांक, स्क्वाड्रनचं चिन्ह, ‘इथे पाय ठेवू नका’ अशा सूचना, सगळ्याचे मोजपट्टी ठेवून फोटो घ्या आणि ट्रेसिंग काढा. मगच ब्रश उचला. आणि एखादी हातभर जागा, शक्यतो शेडच्या आतल्या बाजूची, मुद्दाम जुन्या रंगातच सोडा. पॅनलच्या आतल्या बाजूला तपासनीसाचे शिक्के सापडले तर त्यांना हातही लावू नका. तुमचं विमान मिग-२१च्या आपल्याकडे बांधलेल्या मालिकेतलं असेल तर ते बहुधा नाशिकजवळ ओझरला जुळलेलं असणार. १९६४ पासून तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिगचा कारखाना आहे, इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून येत. ओझरच्या कॉलनीत वाढलेली, तिथे रिव्हेट मारून निवृत्त झालेली माणसं अजून नाशिक परिसरात आहेत. त्यातला एकजण जरी तुमच्या शेडमध्ये दोन दिवस येऊन बसला तरी त्याच्या तोंडून मुलांना जे कळेल ते कोणत्याही फलकावर मावणार नाही. त्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. मला हे काम रंगाच्या आधीचं वाटतं.

कुणी म्हणेल, इतकं जपायचं कशाला, एवढी विमानं ठिकठिकाणी उभी आहेत. मी गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जातो तेव्हा सी हॉक या नौदलाच्या जुन्या जेटसमोर थांबतो. याच जातीच्या विमानांनी ४ डिसेंबर १९७१ला विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उड्डाण करून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. ती विक्रांत आज कुठे आहे? २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती, मी मुलांना घेऊन गेलो होतो. दुरुस्ती परवडेना, २०१२ साली असुरक्षित म्हणून बंद झाली आणि २०१४ साली भंगारात गेली. आख्खं जहाज गेलं, आणि ते शत्रूने बुडवलं नाही. दरवर्षी लागणाऱ्या पैशांची सोय न करता ठेवलेल्या वस्तूचं असं होतं. म्हणून विमान घेण्याच्या ठरावातच देखभालीची वार्षिक रक्कम आणि एका माणसाचं नाव घाला. ‘समिती’ असं लिहू नका, नाव लिहा.

आता मुलं आणि कॉकपिट. बसू देऊ नका. मुलांच्या हातून नॉब निघतात हे तर आहेच, पण त्याहून मोठी कारणं आहेत. लढाऊ विमानाची खुर्ची संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकते, म्हणजे ती काडतुसांवर बसवलेली तोफच. त्याशिवाय कॅनोपी उडवायची काडतुसं, पंखाखालच्या टाक्या सोडायची, इंजिनाच्या अग्निशामक बाटलीची. विमान देताना वायुसेना हे सगळं काढते, पण ‘काढलं आहे’ असं तोंडी ऐकून गप्प बसू नका. प्रत्येक काडतुसाच्या जागेनिशी, शस्त्रशाखेच्या सहीने लिहिलेलं पत्र घ्या, आणि ते हातात येईपर्यंत कॅनोपीला कुलूप. दुसरं, जुन्या घड्याळांवर अंधारात दिसणारा रंग. त्यात रेडियम असू शकतं. ते आता चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. चमक देणारं रसायन मरतं, रेडियमचं अर्धआयुष्य १,६०० वर्षं आहे. काच फुटलेलं घड्याळ असेल तर हात लावू नका. किरणोत्साराची तपासणी करून घ्या, आणि काही सापडलं तर पुढे काय करायचं ते मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारूनच. काही नटांवर कॅडमियमचा मुलामा असतो, ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मुलांसाठी कॅनोपीच्या उंचीचा कठडा असलेला लाकडी मंच करा, वरून आत डोकावता येईल. आणि शेजारी प्लायवूडचं, खऱ्या मापाचं कॉकपिट तुमच्याच विद्यार्थ्यांकडून बनवून घ्या. त्यात खुशाल बसू द्या.

इंजिन सुरू करणं आणि उडवणं यांचं उत्तर एकच: नाही. वायुसेनेच्या विंटेज ताफ्यातलं डकोटा उडतं, हे खरं. ते पंख्याचं, संथ, साधं विमान आहे आणि त्यामागे आख्खी वायुसेना उभी आहे. जेटचं प्रत्येक काडतूस, प्रत्येक सील, इंजिनाची प्रत्येक चकती मोजलेल्या आयुष्याची असते. ब्रिटनमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी जुनं हंटर जेट हवाई कसरतीत रस्त्यावर कोसळलं आणि ११ माणसं गेली. ज्या देशात जुनी जेट उडवण्याचा सराव आणि नियम दोन्ही होते तिथली ही गोष्ट. टाक्यांमध्ये उरलेलं इंधनही काढून टाका. त्याच्या आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी वाढते आणि तिचं आम्ल टाकी आतून खातं.

विमान यायच्या आधी आणखी एक काम. मिगचे पंख सुटतात, मागचा अर्धा भागही सुटतो, त्यामुळे घाटातून आणणं जमेल. पण सोडवणारे आणि जोडणारे हात एकच असू द्या. क्रेनवाल्याने पट्टा कुठेही टाकला तर जे नुकसान होतं ते वीस पावसाळेही करत नाहीत. जोडताना प्रत्येक ड्रेन होलला नंबर द्या, आकृती काढून वहीत लिहा.

मग पहिला मोठा पाऊस लागेल. शेड नसेल तर विमान भिजेल, शेड असली तरी वाऱ्याने थोडं येईलच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन दोन विद्यार्थ्यांना विमानाखाली पाठवा. कोणत्या भोकातून पाणी ठिबकतंय, कोणतं कोरडं आहे, हे त्यांनी नंबरासमोर लिहावं. जे कोरडं राहिलं, त्याच्या वरचं पॅनल त्याच दिवशी उघडा.